सही करण्याआधी: नोटरीबद्दल वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात ओळखीपुरतं लिहिलं होतं, की जर्मनीतल्या आखेनमधल्या एका नोटरीच्या ऑफिसात मी १९ वर्षं काढली. फायली लावल्या, मसुदे टाइप केले आणि गरज पडेल तेव्हा मराठी-हिंदीची शपथबद्ध दुभाषी म्हणून टेबलाच्या कोपऱ्यात बसले. तेवढ्या दोन ओळींवर इतके प्रश्न आले, की संपादकांनी पानंच मोकळी करून दिली. मी नोटरी नाही, वकीलही नाही. कागद करायला तुम्हाला तुमच्या गावच्या नोटरीकडेच जायचंय. तिथे जाऊन काय विचारायचं, एवढं मात्र मी नक्की सांगू शकते.

आम्ही आखेनजवळ घर घेतलं. नोटरीने अख्खा करार, ३४ पानं, मोठ्याने वाचला. त्यासाठी दुभाषी आणायला लावला, त्याचे पैसे वेगळे. माझ्या नवऱ्याला उत्तम जर्मन येतं, त्याने मला सांगितलं असतं की. आणि फी आम्ही भरली, तरी हा माणूस सारखा विक्रेत्यालाही समजावत होता. तो नक्की कुणाचा?
— एक वाचक, व्युर्झेलेन

शेवटच्या प्रश्नापासून सुरू करते. तो कुणाचाच नव्हता, आणि तसंच असायला हवं. नोटरी म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे कोर्टाबाहेर टेबल टाकून शिक्का मारणारा माणूस येतो. इथे नाव तेच, पण काम अगदी वेगळं. इथला नोटरी सरकारने नेमलेला कायदेतज्ज्ञ असतो, दोन्ही बाजूंना सारखाच बांधलेला. त्याची फी कायद्याने ठरवलेली असते, घासाघीस नाही. ती खरेदीदाराने भरली म्हणून तो खरेदीदाराचा वकील होत नाही. फक्त तुमच्या बाजूने भांडणारा कुणी हवा असेल, तर तो वकील वेगळा, त्याचं बिलही वेगळं. युरोपीय संघाच्या २७ पैकी २२ देशांत अशा प्रकारचे नोटरी आहेत. उरलेल्या पाचांबद्दल पुढे सांगते.

वाचनाचं म्हणाल, तर जर्मन कायद्यात ते लिहूनच ठेवलंय: दस्त नोटरीच्या समोर वाचला जायला हवा, पक्षकारांनी तो मान्य करायला हवा आणि स्वतःच्या हाताने सही करायला हवी. वाचन गाळलं तर दस्त उभाच राहत नाही. मला स्वतःला पहिली दोन वर्षं या वाचनाचा कंटाळा यायचा. मग एकदा एकोणिसाव्या पानावर एका बाईंनी हात वर केला आणि विचारलं, "यात गॅरेज कुठाय?" गॅरेजचा भूखंड क्रमांक वेगळा होता आणि तो मसुद्यात आलाच नव्हता. विक्रेता, एजंट, बँक, आणि मसुदा टाइप करणारी मी, सगळ्यांनी तो कागद तीन-तीनदा पाहिला होता. नजरेतून निसटलेलं कानाने पकडलं.

दुभाष्याचं मात्र तुमच्या नोटरीने बरोबर केलं. ज्याला जर्मन पुरेसं येत नाही, त्याला दस्त त्याच्या भाषेत तोंडी सांगावाच लागतो. लेखी भाषांतर मागायचाही त्याला हक्क आहे. आणि व्यवहारात सहभागी असलेल्याचा नवरा किंवा बायको दुभाषी होऊ शकत नाही. तुमचा नवरा कितीही सज्जन असो, घरावर त्याचंही नाव लागणार आहे ना? (मी कोपऱ्यात बसून असे प्रसंग पाहिलेत, की हा नियम मला फार आवडतो.)

आणखी एक. सही झाली म्हणजे घर तुमचं झालं, असं नाही. नोटरी आधी जमीन नोंदवहीत तुमच्या हक्काची पूर्वनोंद करतो, म्हणजे विक्रेत्याने मधल्या काळात दुसऱ्याला विकलं तरी तुमचा हक्क शाबूत राहतो. मग तो "आता पैसे भरा" असं पत्र पाठवतो. त्या पत्राआधी एक सेंटही द्यायचा नाही. रोखीने तर नाहीच. १ एप्रिल २०२३ पासून जर्मनीत घर-जमिनीचे पैसे रोख देता येत नाहीत. काही जण विचारतात, की स्वित्झर्लंडमध्ये नोटरी स्वस्त आहे, तिकडे सही करू का? मालकी हस्तांतराची घोषणा जर्मन नोटरीपुढेच व्हायला हवी, असा निकाल जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने १३ फेब्रुवारी २०२० ला दिलाय. तेव्हा बासेलला जायचं तर ऱ्हाइनच्या काठी फिरायला जा.

मी नेदरलँड्समधल्या फाल्समध्ये राहतो, नोकरी सीमेपलीकडे आखेनला. फाल्सचं घर आम्हा दोघांच्या नावावर, शिवाय आखेनमध्ये एक फ्लॅट माझ्या नावावर. भारतीय पासपोर्ट, मुलं ८ आणि ११ वर्षांची. मृत्युपत्र कुठल्या देशात करू? की दोन करू?
— एक वाचक, फाल्स

तुमच्या प्रश्नाला जास्त जागा देतेय, कारण सीमेवर राहणाऱ्या निम्म्या लोकांचा प्रश्न हाच असतो आणि बहुतेक जण तो उलट्या टोकाने विचारतात. कुठल्या देशात करू, हे नंतर. आधी: मृत्युपत्र केलंच नाही, तर कायदा कुठला लागेल?

१७ ऑगस्ट २०१५ पासून आणि त्यानंतर झालेल्या मृत्यूंना युरोपीय वारसा नियम लागू आहे (डेन्मार्क आणि आयर्लंड त्यात नाहीत). माणूस शेवटी जिथे नेहमी राहत होता, त्या देशाचा कायदा त्याच्या सगळ्या मालमत्तेला लागतो, ती कुठल्याही देशात असो. म्हणजे तुम्हाला डच कायदा, आणि तोही आखेनच्या फ्लॅटसकट.

आता गंमत पाहा. डच कायद्याप्रमाणे, मृत्युपत्र नसताना, सगळं काही मागे राहिलेल्या जोडीदाराकडे जातं. मुलांना त्यांच्या वाट्याचं फक्त पैशांचं येणं मिळतं, आणि तेही साधारण दुसरा पालक गेल्यावर हातात येतं. हेच घर पाच किलोमीटर अलीकडे, आखेनमध्ये असतं आणि तुम्ही तिथे राहत असता, तर जर्मनीतली नेहमीची वाटणी अशी: अर्धं जोडीदाराला, अर्धं मुलांना, आणि सगळे मिळून सामाईक वारस. मुलं अल्पवयीन. तुमच्या पत्नीला घर विकायचं झालं तर कौटुंबिक न्यायालयाची परवानगी लागणार. नवरा जाऊन महिना झालेला आणि आपलंच घर विकायला न्यायालयाला अर्ज लिहायचा, अशा बायका मी ऑफिसात पाहिल्यात. तेव्हा उद्या "मुलांच्या शाळेसाठी आखेनला राहायला जाऊ" असं ठरलं, तर सामान हलवताना मृत्युपत्रही हलवा. पत्ता बदलला की कायदा बदलतो.

नको असेल, तर बदलू द्यायचा नाही. मृत्युपत्रात स्पष्ट लिहून तुम्ही तुमच्या नागरिकत्वाच्या देशाचा कायदा निवडू शकता. भारतीयांनाही हे चालतं का, असं मला नेहमी विचारतात. चालतं. युरोपीय संघाबाहेरच्या नागरिकालाही हा पर्याय आहे, हे युरोपीय न्यायालयाने १२ ऑक्टोबर २०२३ ला पोलंडमध्ये राहणाऱ्या एका युक्रेनियन नागरिकाच्या प्रकरणात स्पष्ट केलंय. (तिथे पोलंड-युक्रेनचा जुना करार आडवा आला, ती गोष्ट वेगळी.) तरी माझं मत विचाराल तर, मुलं इथे वाढत असताना भारतीय कायदा निवडू नका. तुमच्या धर्माप्रमाणे कुठला कायदा, त्यातलं कुठलं कलम, हे सगळं फाल्सच्या नोटरीला कुणीतरी तज्ज्ञाने लिहून द्यावं लागेल. वेळ आणि खर्च तुमच्या बायकोच्या डोक्यावर.

आणि एखाद्या मुलाला काहीच द्यायचं नाही म्हणून कुणी परका कायदा निवडत असेल, तर तेही जर्मनीत चालेलच असं नाही. कित्येक दशकं जर्मनीत राहिलेल्या एका ब्रिटिश गृहस्थाने इंग्लिश कायदा निवडला होता, दत्तक मुलाला वगळण्यासाठी. २९ जून २०२२ ला जर्मन न्यायालयाने सांगितलं, की मुलाचा सक्तीचा वाटा असा बुडवता येणार नाही.

आता कागद. नेदरलँड्समध्ये मृत्युपत्र नोटरीकडे जावंच लागतं. कपाटात लिहून ठेवलेलं घरासाठी उपयोगाचं नाही. जर्मनीत अख्खं स्वतःच्या हाताने लिहून सही केली तरी ते मृत्युपत्र होतं. म्हणून आखेनमधले तुमचे सहकारी सांगतील, "दोघं मिळून एकच लिहा, आम्ही तसंच केलंय." ऐकू नका. नवरा-बायकोचं एकत्र मृत्युपत्र ही जर्मन सवय आहे. नेदरलँड्स, फ्रान्स, इटली, स्पेन इथे ते चालत नाही. तुम्ही दोघं, दोन मृत्युपत्रं, फाल्सच्या नोटरीकडे. तो त्यांची नोंद डच मृत्युपत्र नोंदवहीत करेल. देशासाठी एक असं दुसरं मृत्युपत्र करू नका. दुसऱ्यातल्या "आधीची सर्व मृत्युपत्रे रद्द" या नेहमीच्या वाक्याने पहिलं उडालेलं मी पाहिलंय.

तुमच्यानंतर आखेनच्या नोंदवहीत पत्नीचं नाव कसं लागेल? डच नोटरी युरोपियन वारस प्रमाणपत्र देईल. त्याचा नमुना सगळीकडे सारखा, त्यामुळे आखेनच्या नोंदणी न्यायालयात ते पुन्हा सिद्ध करत बसावं लागत नाही. फ्रान्समध्येही ते नोटरीच देतो, जर्मनीत मात्र वारसा न्यायालय देतं, आणि नोटरी फक्त अर्ज आणि शपथ घेतो. मूळ प्रत देणाऱ्याकडेच राहते, तुमच्या हातात प्रमाणित प्रत येते आणि तिची मुदत सहा महिने. याच मुदतीवर माझी मोठी चूक झालीय. एका कुटुंबाच्या स्पेनमधल्या फ्लॅटची प्रत आमच्या फायलीत होती. मी "सगळी कागदपत्रं एकदमच पाठवू" म्हणून थांबले आणि सातवा महिना उजाडला. नवीन प्रत, नवीन टपाल, आणि त्या काकूंचा तो फोन अजून आठवतो. पुढे १ जुलै २०२१ ला युरोपीय न्यायालयाने म्हटलं, की पहिल्यांदा दाखवताना प्रत मुदतीत असली की पुरे. पण आधी दाखवायला तर हवी.

एक गोष्ट सांगून हे उत्तर थांबवते. ओडर नदीच्या एका काठावर जर्मनीतलं फ्रँकफुर्ट (हे छोटं, विमानतळवालं नव्हे), पलीकडे पोलंडमधलं स्वुबित्से, मध्ये पूल. फ्रँकफुर्टला राहणाऱ्या एका पोलिश बाईंना तिथल्या घरातला आपला हिस्सा थेट नवऱ्याच्या नावे करायचा होता, मुलं लहान म्हणून. पोलिश कायद्यात तसं थेट देता येतं, म्हणून त्या पूल ओलांडून स्वुबित्सेच्या नोटरीकडे गेल्या. तिथे नकार मिळाला: जर्मन कायद्याला असं देणं माहीत नाही, घर जर्मनीत आहे, आम्ही करणार नाही. प्रकरण लक्झेंबर्गला, युरोपीय न्यायालयात गेलं. १२ ऑक्टोबर २०१७ ला न्यायालयाने सांगितलं, की त्यांनी निवडलेला कायदा पोलिश आहे, तर जर्मनीने केवळ आपल्याकडे तशी पद्धत नाही म्हणून ते नाकारायचं नाही. बाईंना फक्त पूल ओलांडून मृत्युपत्र करायचं होतं, आणि आज युरोपभरचे नोटरी त्यांच्या प्रकरणाचं उदाहरण देतात.

राहिला कर. तो या नियमात येत नाही. फ्लॅट आखेनमध्ये आहे, त्यामुळे जर्मन करखातं विचारणारच.

आमचं लग्न २०२० मध्ये झालं, लगेच ॲमस्टरडॅमला संसार थाटला, २०२२ मध्ये म्युनिकला आलो. आता घर घेतोय तर नोटरी विचारतोय, तुमची वैवाहिक मालमत्ता-व्यवस्था कुठली? आम्ही म्हटलं, आम्ही जर्मनीत राहतो, म्हणजे जर्मन. तो म्हणाला, नाही.
— एक वाचक, म्युनिक

तो म्हणतोय ते खरं. २९ जानेवारी २०१९ ला किंवा त्यानंतर लग्न केलेल्यांना (युरोपीय संघाच्या १८ देशांत) नियम असा, की काही निवडलं नसेल तर लग्नानंतरचा पहिला एकत्र संसार जिथे, तिथला कायदा. तुमचा ॲमस्टरडॅम. नागरिकत्वाचा विचार त्यानंतर होतो. नेदरलँड्समध्ये १ जानेवारी २०१८ पासूनच्या लग्नांत, संसारात मिळवलेलं दोघांचं सामाईक, आधीचं आणि वारशाने आलेलं ज्याचं त्याचं. हे तुमच्या पाठीशी म्युनिकपर्यंत आलंय, आणि वारशाचा कायदा पत्त्याबरोबर बदलतो, तसं हे बदलत नाही. म्हणजे म्युनिकच्या नोंदवहीत तुमची नावं डच सामाईक मालमत्तेप्रमाणे लागतील.

वाईट आहे का? नाही. पण घराची रक्कम तुमच्यापैकी एकाच्या आईवडिलांकडून येत असेल, तर दोघांनी नोटरीपुढे एकत्र बसून जर्मन कायदा निवडता येतो. तो त्या दिवसापासून पुढे लागू होतो. मागच्या तारखेपासून हवा असेल तर तसं वेगळं लिहावं लागतं, आणि त्याने बँकेसारख्या तिसऱ्याच्या हक्कांना धक्का लावता येत नाही. खरेदीच्या आधी करा. खरेदीच्या दिवशी सकाळी आठवलं, असं सांगणारी जोडपी मी पाहिलीत. त्या दिवशी खरेदी होत नाही.

आम्ही स्वीडनमध्ये असतो. स्पेनमध्ये अलिकांतेला फ्लॅट घेतोय, सहीसाठी मेव्हण्याला मुखत्यारपत्र द्यायचंय. स्पॅनिश वकील म्हणतो "नोटरीकडून करून आणा", आणि इथे कुणालाच तो काय म्हणतोय ते कळत नाही.
— एक वाचक, गोटेनबर्ग

असा नोटरी नसलेले उरलेले पाच देश म्हटलं होतं, ते हेच: स्वीडन, फिनलंड, डेन्मार्क, आयर्लंड, सायप्रस. तुमच्याकडे घरसुद्धा साध्या लेखी कराराने विकलं जातं आणि नोंदणी खातं नोंद करतं. मध्ये नोटरी नाही. स्वीडनमध्ये नोटरीस पब्लिकुस आहे, पण तो सही तुमचीच आहे एवढं सांगतो, मजकूर तपासत नाही, समजावत नाही. स्पॅनिश नोटरीला नेमकं ते तपासणं आणि समजावणंच हवं असतं. तेव्हा दोन भाषांत, दोन रकान्यांत मुखत्यारपत्र, नोटरीस पब्लिकुसची साक्ष आणि अपोस्टिल (कागद परदेशात ग्राह्य धरला जावा म्हणून लागणारा अधिकृत दाखला), असा रस्ता आहे खरा. पण अलिकांतेच्या ज्या नोटरीपुढे सही व्हायचीय, त्याला मसुदा आधी ईमेलने दाखवून लेखी "चालेल" घ्या. त्याहून सोपं: स्टॉकहोममधला स्पॅनिश वाणिज्यदूत नोटरीचं काम करतो, त्याच्यापुढे करा. सगळ्यात सोपं: फ्लॅट बघायला जाल तेव्हाच तिथल्या नोटरीकडे मुखत्यारपत्र करून टाका. परदेशी माणसाचा ओळख क्रमांकही त्याच फेरीत मिळवा, तो नसेल तर काहीच हलणार नाही.

आणि "युरोपात आता अपोस्टिल लागत नाही" हे अर्धसत्य आहे. १६ फेब्रुवारी २०१९ पासून जन्म, लग्न, मृत्यू अशा सरकारी दाखल्यांना, एका सदस्य देशाकडून दुसऱ्याकडे जाताना, ते लागत नाही. मुखत्यारपत्र त्यात नाही. जर्मनी-फ्रान्स यांच्यासारखे दोन देशांमधले जुने करार आहेत, तिथे नोटरीच्या कागदालाही सूट आहे. स्वीडन-स्पेन गृहीत धरू नका.

फ्रान्समधल्या एका नोटरीचं पत्र आलंय, सोनेरी शिक्क्यासह. म्हणे दूरच्या नातेवाइकाने माझ्यासाठी पैसे ठेवलेत, "फाइल शुल्क" ९०० युरो भरा. खरं असेल का?
— एक वाचक, ब्रसेल्स

पैसे भरू नका. असं अनोळखी पत्र नेहमीच खोटं असतं, असं मात्र नाही. फ्रान्समध्ये वारस सापडत नसला तर नोटरी वंशावळ-शोधकाला कामाला लावतो, आणि त्याचं पत्र असंच अचानक येतं. पण तो आपला हिस्सा मिळालेल्या वारशातून घेतो. आधी बँकेत भरा, असं म्हणत नाही. त्या नोटरीचं नाव युरोपीय नोटरी परिषदेच्या यादीत शोधा आणि फोन लावायचा तो त्या यादीतल्या क्रमांकावर, पत्रावरच्या नव्हे. सोनेरी शिक्का कुणीही छापतं.

ताई, मी आखेनला शिकायला आलेय. खोलीचा भाडेकरार "नोटरी करण्यासाठी" घरमालक ५० युरो मागतोय. देऊ का?
— एक विद्यार्थिनी

नको देऊस. जर्मनीत राहत्या खोलीच्या भाडेकराराला नोटरी लागत नाही. त्याला म्हण, मी स्वतः नोटरीकडे येते, पावती मला तिथेच मिळू दे. बघ काय म्हणतो ते, आणि मला कळव.